पूरपातळी सांगणारा छोटा सर्व्हर

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न असतो : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. या प्रश्नाला टेलिग्रामवर आपोआप उत्तर देणारा सर्व्हर शाळेतही बनवता येतो.

सर्व्हर म्हणजे अवाढव्य यंत्र नव्हे. विनंतीची वाट पाहणारा आणि ती आली की उत्तर देणारा प्रोग्रॅम. टेलिग्रामने 2015 मध्ये अशा प्रोग्रॅमसाठी एपीआय खुला केला. एपीआय म्हणजे जणू कचेरीची खिडकी : अर्ज ठरावीक नमुन्यात असेल तरच काम होते. कोणी ‘पातळी?’ असे विचारले, की टेलिग्राम तो संदेश आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावर पोहोचवते. हा पत्ता इंटरनेटवरून गाठता येणारा आणि ‘एचटीटीपीएस’चा हवा. जिल्हा प्रशासनाने जाहीर केलेला आकडा विद्यार्थ्यांनी फाइलमध्ये नोंदवलेला असतो. सर्व्हर तो वाचून उत्तर धाडतो.

उत्तर धाडताना ‘टोकन’ ही गुप्त अक्षरमाला जोडावी लागते. टोकन म्हणजे शाळेचा शिक्काच! तो ज्याच्या हाती पडेल, तो शाळेच्या नावे पुराची खोटी बातमी पसरवू शकेल. म्हणून टोकन प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळे ठेवावे. फुटल्यास ताबडतोब रद्द करून नवे घ्यावे.

दुसरे पथ्य वेळेचे. नवी नोंद झाली नाही, तरी सर्व्हर जुनाच आकडा बिनदिक्कत सांगत राहतो. सकाळचे 38 फूट दुपारी सांगितले, तर एखाद्या कुटुंबाला घर सोडायला उशीर होईल. म्हणून आकड्यासोबत मोजणीची वेळ द्यावीच. नोंद तीन तासांहून जुनी असेल, तर सर्व्हरने ‘ताजी नोंद नाही’ एवढेच म्हणावे.