शरीरसौष्ठवपटूने थांबावे केव्हा?

क्रिकेटपटूने निवृत्त केव्हा व्हावे यावर आपल्याकडे हिरिरीने चर्चा होते. शरीरसौष्ठवपटूच्या निवृत्तीविषयी मात्र कोणी बोलत नाही. वाशीम, रिसोड, कारंजा येथील व्यायामशाळांतून घाम गाळणारी मुले ‘महाराष्ट्र श्री’ होण्याचे स्वप्न पाहतात. परंतु कोठे थांबावयाचे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

या प्रश्नाला बहुधा वयाचे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. बंगालचे मनोहर आइच यांनी १९५२ साली, चाळिशीच्या सुमारास, आपल्या गटात ‘मिस्टर युनिव्हर्स’ हा किताब मिळविला आणि २०१६ मध्ये शंभरी ओलांडून ते निवर्तले. उलट अमेरिकेचे रॉनी कोलमन यांनी १९९८ ते २००५ सलग आठ वेळा ‘मिस्टर ऑलिम्पिया’ जिंकली. २००६ मध्ये पराभव होऊनही ते २००७ साली पुन्हा उतरले. पुढे मणक्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि आधारावाचून चालणे त्यांना कठीण झाले. त्यांच्याच देशाचे ली हेनी यांचेही किताब आठच. पण १९९१ मध्ये आठवा मिळताच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते स्पर्धेतून बाजूला झाले. किताब सारखेच, मोजलेली किंमत मात्र वेगळी.

यंत्राचा घसारा हिशेबात न धरणारा कारखानदार नफ्याच्या भ्रमात राहतो. शरीरसौष्ठवपटूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते झिजले तर दुसरे विकत मिळत नाही. “आजवर एवढा खर्च केला, आता सोडू कसे?” हा युक्तिवादही फसवा आहे. झालेला खर्च परत येत नसतो. विचार पुढील खर्चाचाच करावयाचा असतो.

आमच्या जिल्ह्यात हा हिशेब अधिकच कठोर होतो. सोयाबीनच्या भावावर ज्या घराचे वर्ष अवलंबून असते, तेथे एकाच्या अंड्या-दुधाचा आणि प्रथिनांच्या भुकटीचा खर्च इतरांच्या ताटातून निघतो. म्हणून निकष साधा असावा. पुढील स्पर्धेसाठी कर्ज काढावे लागेल, चोरून इंजेक्शन घ्यावे लागेल किंवा दुखणे घरच्यांपासून लपवावे लागेल, त्या दिवशी थांबावे; मग वय पंचवीस असो वा चाळीस.

थांबणे म्हणजे व्यायाम सोडणे नव्हे. व्यायाम शिकविणे हाही प्रतिष्ठेचा व्यवसाय होऊ शकतो, हे १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने वऱ्हाडाला दाखवून दिले आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे; परंतु ते मोजक्यांच्याच वाट्याला येते. तेव्हा शिक्षण वा हातचा धंदा यांची तयारी उमेदीच्या काळातच झाली पाहिजे. ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही, त्याला ‘थांब’ म्हणणे हा नुसता उपदेश ठरतो. व्यायामशाळांचे चालक आणि टाळ्या वाजविणारे आपण सर्व, यांनी त्या मुलाच्या दंडाचा घेर विचारण्याबरोबरच त्याचे शिक्षण कोठवर आले, हेही विचारावे.