डोंगरातली सायकल : आधी वाटेची ओळख





दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आठवीतला एक विद्यार्थी हाताला प्लॅस्टर घालून आला. मोबाईलवर त्याने एका परदेशी स्वाराला खडकावरून सायकल उतरवताना पाहिले होते. तोच प्रयोग त्याने गावामागच्या उतारावर केला. सायकल वडिलांची, जड. ब्रेकचे रबर झिजलेले. मनगटावर भागले हे नशीब. दुसऱ्या दिवशी काही पालक येऊन म्हणाले, "सर, शाळेत सायकल आणायलाच बंदी घाला."

त्यांची काळजी खरी आहे. पण वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांची शाळा सायकलवर चालते. कर्नाटक शासनाने २००६-०७ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू केली, तीही याच कारणाने. म्हणून बंदीची सूचना मी फलकावर लावली नाही. त्या मुलाला जवळ बसवून ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. अगदी सुरुवातीला, वाटेच्या तोंडाशी एक पाटी होती : दोन काळे चौकट. "हे काय रे?" मी विचारले. त्याला ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. त्यानंतर जे वाचले, समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

डोंगरवाटांवर सायकल चालवण्याच्या खेळाला माउंटन बायकिंग म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले, तेव्हापासून हा खेळ वाढला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. आपल्या मराठी मुलीही यात मागे नाहीत. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने या खेळात भारताचे प्रतिनिधित्व केले आहे.

आता त्या पाटीविषयी. बर्फावरून घसरण्याच्या, म्हणजे स्कीइंगच्या उतारांवर अवघडपणानुसार खुणा लावण्याची पद्धत होती. तीच सायकलवाल्यांनी उचलली. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीत हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौरस म्हणजे मध्यम, काळा चौकट म्हणजे अवघड आणि दोन काळे चौकट म्हणजे फक्त निष्णात स्वारांसाठी. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल रंगही असतो. म्हणून रंग पाहण्याआधी देश पाहावा!

हे रंग कोणी मनाला येईल तसे देत नाही. वाटेची रुंदी, चढ-उतार आणि टाळता न येणारे अडथळे मोजून ते ठरतात. हिरवी वाट साधारण तीन फूट रुंद असते आणि तिचा सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आत असतो. म्हणजे शंभर पावले चालल्यावर पाच पावलांइतकेच वर चढायचे. मधला दगड किंवा मूळ दोन इंचांपेक्षा उंच नसते. निळ्या वाटेवर रुंदी दोन फुटांवर येते, चढ दहा टक्क्यांपर्यंत जातो आणि आठ इंचांपर्यंतचे अडथळे येतात. काळ्या वाटेची रुंदी जेमतेम एक फूट, तर दोन काळ्या चौकटांच्या वाटेवर ती सहा इंचही असू शकते. आमच्या विद्यार्थ्याने हिरवी आणि निळी इयत्ता न शिकताच थेट शेवटच्या परीक्षेचा पेपर घेतला होता. पहिलीतल्या मुलाला आपण दहावीचे बीजगणित देत नाही. सायकललाही इयत्ता आहेत, एवढेच ही पाटी सांगते.

जिथे सर्व इयत्तांच्या वाटा एकाच ठिकाणी बांधलेल्या असतात, त्याला बाइक पार्क म्हणतात. कॅनडातील व्हिसलरचे पार्क जगप्रसिद्ध आहे. तिथे स्वार आणि सायकल दोघेही तारेवरच्या पाळण्यातून वर जातात आणि आपापल्या रंगाच्या वाटेने उतरतात. एवढा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. पण 'पंप ट्रॅक' नावाचा एक छोटा प्रकार आहे. मातीचे लहान लहान उंचवटे आणि वळणावर आतल्या बाजूला कललेली वाट, असा तो एक गोल फेरा असतो. त्यावर पेडल मारावे लागत नाही. झोका घेताना आपण जसे योग्य क्षणी शरीर खाली-वर करून वेग वाढवतो, तसेच उंचवट्यावर चढताना अंग हलके सोडायचे आणि उतरताना सायकल खाली दाबायची. तोल, नजर आणि ब्रेक या तीनही गोष्टी इथे जमिनीपासून फार उंच न जाता शिकता येतात.

आता आपल्या जांबोटीचे पाहू. डोंगर आहे, लाल माती आहे, मग रानात वाटा का काढू नयेत? कारण ते रान आपल्या एकट्याचे नाही. २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले. आजूबाजूच्या जंगलात गवे आणि अस्वले आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे वाट काढणे बेकायदा आहे आणि जिवावरचेही आहे. चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या भरधाव धावतात, म्हणून तोही सरावासाठी नाही.

दुसरा प्रश्न पावसाचा. डोंगरवाट बांधणाऱ्यांचा एक नियम आहे : डोंगराचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला नसावा. नाहीतर पाणी वाटेलाच ओढा समजून तिच्यातूनच वाहते. आपले शेतकरी बांधाला जशी वाट करून देतात, तशी पाण्याला बाजूला वाट द्यावी लागते. शिवाय ओल्या मातीवर सायकल घातली की चाकोरी पडते आणि पुढच्या पावसात तिची घळ होते. म्हणून आपल्याकडे हा खेळ पावसाळा सरून जमीन वाळल्यावरच.

विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे. शाळेच्या मागे जो मोकळा कोपरा आहे, तिथे पालकांच्या श्रमदानातून लाल मातीचा एक लहान पंप ट्रॅक करावा. तोंडाशी हिरव्या वर्तुळाची पाटी असावी. हेल्मेट आणि तपासलेले ब्रेक असल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. आपल्याच जिल्ह्यात चंदरगीच्या निवासी क्रीडा शाळेत सायकलिंगचे शिक्षण दिले जाते. उद्या आपले एखादे मूल तिथवर जायचे असेल, तर पहिली इयत्ता इथेच व्हायला हवी.

पालकांना एवढेच सांगतो : बंदी घातली तर मुले उताराकडे जायची थांबणार नाहीत, फक्त आपल्याला सांगायची थांबतील.

त्या विद्यार्थ्याचे प्लॅस्टर आता निघाले आहे. परवा तो वडिलांच्या सायकलला ब्रेकचे नवे रबर बसवून घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मी आधी हिरव्यापासून सुरू करतो."

आपला,
मुख्याध्यापक