खेळाची पेटी घरी बनवताना

आज शाळकरी मुलांच्या हातात मोबाईल आहे आणि त्यांचे खेळही त्यातच आहेत. मोबाईल बिघडला की तो दुकानात जातो. आत काय असते, ते मुलाला कळत नाही आणि पालकांनाही कळत नाही. १९९० च्या दशकात व्हिडिओ गेमच्या दुकानात उभी असणारी लाकडी पेटी वेगळी होती. वर पडदा, खाली दांडा व बटने. नाणे टाकले की खेळ सुरू. मागची फळी काढली की सारी यंत्रणा डोळ्यांसमोर. तशी पेटी आता घरीही बनवता येते. मूलसारख्या गावात सुतार आहे, वायरमन आहे, टी.व्ही. दुरुस्त करणारा आहे. उरलेले सामान चंद्रपूर-नागपूरहून किंवा पार्सलने मागवता येते. मुलांना बरोबर घेऊन हे काम केले, तर खेळण्यापेक्षा बनवण्यातच ती अधिक शिकतात.

पहिली पेटीही अशीच बनली

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे अभियंते ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ हा खेळ तयार केला. दुकानातून आणलेला साधा काळा-पांढरा टी.व्ही. लाकडी पेटीत बसवून ती पेटी कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यालयात ठेवली गेली. काही दिवसांत पेटी बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिले तर यंत्र ठीकच होते. नाण्यांचा डबा तुडुंब भरला होता! बिघाड शोधताना आधी साध्या गोष्टी पाहाव्यात, हा धडा तेथूनच घ्यावा.

काय काय लागते?

घरात पडून असलेला जुना संगणक चालतो. नाहीतर ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक घ्यावा. शाळकरी मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून तो २०१२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आला. जुन्या पेट्यांतील खेळ संगणकावर चालवणारा ‘मेम’ हा प्रोग्रॅम इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली प्रथम दिला. तो फुकट मिळतो. खेळांचे हक्क मात्र बहुधा कंपन्यांकडेच आहेत. काही खेळ मालकांनी स्वतःहून मोफत दिले आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करावी.

आधी पुठ्ठा, मग प्लायवूड

कापलेली फळी पुन्हा जोडता येत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्याची पेटी करावी. तिच्यापुढे मुलाला उभे करून बटनांची उंची त्याच्या कोपराशी जुळते का, मान वर ताणावी लागते का, ते पाहावे. दोघांना शेजारी उभे करून खांद्याला खांदा लागतो का, तेही पाहावे. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही. बटनांना बहुधा २८ किंवा ३० मिलिमीटरचे भोक लागते. तरी बटन हाती आल्यावर मोजूनच भोक पाडावे. दांडाही खेळ पाहून घ्यावा. ‘पॅकमॅन’ला चार दिशा पुरतात, मारामारीच्या खेळांना आठ लागतात.

आपला उन्हाळा, आपला पावसाळा

मूल हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात घरात ओल धरते. एम.डी.एफ.ची स्वस्त फळी पाणी शोषून फुगते, तेव्हा १८ मिलिमीटरचे प्लायवूड बरे. सागवान उत्तम, पण महाग. पेटीला खाली पाय लावावेत, म्हणजे ओल व वाळवी दोन्ही दूर राहतात. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद पेटीत उष्णता साठते आणि ८० अंशांच्या आसपास तापला की हा छोटा संगणक आपोआप मंदावतो. म्हणून मागे खाली आणि वर जाळीची भोके ठेवावीत. गरम हवा वरून निघून जाते.

विजेशी खेळ नको

बटनांच्या तारांत जेमतेम ५ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब असतो. ते काम मोठी मुले करू शकतात. प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी, म्हणजे पुढे बिघाड शोधणे सोपे जाते. घरच्या २३० व्होल्टचे काम मात्र जाणत्या वायरमननेच करावे. जुन्या डबा टी.व्ही.चे मागचे झाकण कधीही उघडू नये. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. त्यापेक्षा जुना सपाट मॉनिटर बसवावा.

मुलींचा हातही लागू द्या

‘पॅकमॅन’ हा खेळ जपानच्या तोरू इवातानी यांनी १९८० साली आणला. खेळाच्या दुकानांत मुलेच गर्दी करतात, तेथे मुलींनीही यावे, हा त्यांचा हेतू होता. आपल्या घरातही मुलाने स्क्रू पिळायचे आणि मुलीने केर काढायचा, अशी वाटणी नको. मोजमाप तिने घ्यावे, तारा तिने जोडाव्यात आणि पहिला डावही तिने खेळावा.

पेटी तयार झाली की अभ्यास आणि खेळ यांच्या वेळा ठरवाव्यात. एखादे दिवशी बटन चालेनासे होईल, तेव्हा लगेच कारागिराला बोलावू नये. प्लग काढून, मागची फळी उघडून कोणती तार सुटली ते मुलांनाच शोधू द्यावे. ती त्यांना सापडली, की पेटीवर घातलेला पैसा वसूल झाला म्हणून समजावे.