हातखंब्याखालची पाणवाट

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा आलं की रत्नागिरीचा प्रवासी उजवीकडे वळतो, गोव्याचा पालीकडे सुटतो. नाक्यावर ट्रक, वडापाव आणि धूळ; समुद्राची खूणही नाही. पण दक्षिणेचे डोंगर उतरले की काजळी नदी लागते. चांदेराई, पोमेंडी, सोमेश्वर करत ती भाट्याच्या खाडीत शिरते. कयाकसाठी याहून आडोशाचं पाणी कुठे शोधायचं?

सी कयाकिंग म्हटलं की डोळ्यांपुढे नॉर्वेचे फ्योर्ड येतात. ते हिमनद्यांनी कोरलेले. सॉग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि सुमारे १,३०० मीटर खोल. आपल्या खाड्यांची जात निराळी. २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांची तोंडं बुडाली. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर ही सगळी त्याच घराण्यातली. गाळाने त्या उथळ होत गेल्या. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांची वखार लुटली ते राजापूर तेव्हा नामांकित बंदर होतं. आज तिथवर गलबत नेऊन दाखवावं कुणी! कयाकचं मात्र वीतभर पाण्यात भागतं.

इथे दम लागतो तो दंडात कमी आणि पंचांगात जास्त. भरती साधारण सहा तास चढते, तेवढीच ओहोटी, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. सकाळच्या भरतीबरोबर भाट्याहून वर जावं, ओहोटीबरोबर परतावं. हिशेब चुकला तर वल्हं मारूनही किनारा जागचा हलत नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, तो वेगळाच.

ओहोटीला कांदळवनाची मुळं उघडी पडतात. त्यांना चिकटलेल्या कालवांची धार इतकी की हवा भरलेली कयाक तिथे नेऊच नये. थोडं पुढे बायका गुडघाभर चिखलात पायांच्या बोटांनी तिसऱ्या चाचपत असतात. त्यांच्या जवळून जाताना वल्हं थांबवावं. ते पाणी त्यांच्या रोजीरोटीचं आहे. वर टेकडीवर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १९१६ मध्ये वारला तोवर हीच खाडी बघत बसला होता.

मुखापाशी मात्र परत फिरावं. वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि ओहोटीची ओढ बाहेर खेचते. खुल्या समुद्रातून जाणारेही आहेत: कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा अंतर कयाकने कापलं, पुढे गुजरात ते कन्याकुमारीही. पण त्याला अनेक वर्षांचा सराव लागतो.

पूल झाले, नदी ओलांडणारी होडीची एकेक तर बंद पडली, आणि नदीकाठची गावं हातखंब्याच्या रस्त्याकडे तोंड करून बसली. पर्यटनाच्या योजना किनाऱ्यावरच्या तंबूंपाशी थांबतात. चांदेराई-सोमेश्वरला चार नीट पायऱ्यांचे धक्के आणि भरतीचं वेळापत्रक लावलेली एक पाटी, एवढं झालं तरी पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे ही वाट पुन्हा चालू होईल. वल्ही मारणारे हात खाडीकाठच्या राजिवड्यात आहेतच.