साचा आणि फाटकावरचा माणूस

तुमसर तालुक्यातील चिखल्याचे नाव निघाले की मँगनीज आठवते. १९६२ साली स्थापन झालेल्या व आज ‘मॉयल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची भूमिगत खाण तेथे आहे. संगणकाच्या आज्ञावलीतला एक प्रश्न उलगडून पाहण्यास ही खाण आम्हांस मोठी सोयीची वाटते.

खाणीच्या मालाची नोंद संगणकात ठेवायची आहे, असे समजा. प्रत्येक ढिगाला वजन असते, मँगनीजचे शेकडा प्रमाण असते, फॉस्फरस असतो. या साऱ्यांवरून किंमत निघते. ही माहिती आणि तिच्यावरचा हिशेब एकाच ‘वस्तू’त बांधावा, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात ऑस्लो येथे ओले-योहान दाल व क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला या भाषेत रुजवली. ढिगाचे वर्णन एकदा लिहावयाचे, त्याला म्हणतात क्लास. आपण साचा म्हणू. एका साच्यातून कितीही गणपती निघावेत, तशा त्यातून हव्या तितक्या वस्तू निघतात.

पण सगळा माल एका जातीचा कोठे असतो? पोलादासाठी लागणारा माल निराळा. याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्गचा, कोरड्या बॅटरीसाठी जाणारा डायॉक्साइड निराळा. म्हणजे साचे दोन झाले. आता कोणता साचा घ्यावयाचा हे आज्ञावलीत चाळीस ठिकाणी ज्याने त्याने ठरवले, तर तिसरी जात आली त्या दिवशी चाळीस जागा दुरुस्त करणे आले. एकोणचाळीस होतात. राहिलेल्या एकीतून चुकीच्या दराचे बिल निघते, आणि संगणक मात्र कुरकुरतही नाही!

येथे फॅक्टरी फंक्शन उपयोगी पडते. नाव ऐकून धुराडे डोळ्यांपुढे येते खरे. वस्तुतः तो फाटकावरचा जाणता माणूस आहे. त्याच्या हाती प्रयोगशाळेचा अहवाल द्यावा; तो साचा निवडतो आणि वस्तू हाती ठेवतो. अहवाल अपुरा असेल तर माल परत. साच्याला थेट हाक मारली, तर बहुतेक भाषांत त्याच साच्याची वस्तू मिळते. याला तसे बंधन नाही. तिसरी जात आली की तिचा साचा लिहावा आणि एवढ्या एकालाच सांगावे.

जावास्क्रिप्टमध्ये तर साच्यावाचूनही हे फंक्शन वस्तू घडवते आणि वजनासारखी माहिती आपल्या पोटात अशी दडवते, की बाहेरून कोणी हात लावू शकत नाही. त्या भाषेत ‘क्लास’ हा शब्दच २०१५ साली आला. मात्र अशा प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या क्रियांची नवी प्रत तयार होते. साच्याच्या वस्तू एकच प्रत वाटून घेतात. लाखभर ढिगांच्या नोंदी असतील तर हा फरक स्मृतीत जाणवतो. म्हणून, दोहोंपैकी एकच खरे, असा हट्ट धरणारांशी आमचे जमत नाही. साचा ठेवावा, फाटकावर माणूसही ठेवावा. मालाची जात एकच असेल आणि तपासण्यासारखेही काही नसेल, तर मात्र त्या माणसाला उगीच पगार का द्या?