शाळेच्या पाठीशी जिल्हा परिषद

खेड्यातील प्राथमिक शाळा ही बहुधा दोन खोल्यांची व दोन शिक्षकांची असते. चार किंवा पाच इयत्ता, त्यांचे सर्व विषय, हजेरीपट, पोषण आहाराची नोंद आणि पालकांच्या भेटी हा सारा भार त्या दोघांवर पडतो. त्यांपैकी एक जण रजेवर गेला, तर उरलेल्या एकालाच सर्व वर्ग सांभाळावे लागतात. अशी शाळा केवळ स्वतःच्या बळावर चालू शकत नाही. तिच्यामागे एक यंत्रणा उभी असावी लागते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही यंत्रणा म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग होय.

लोकशाही विकेंद्रीकरणाचा वारसा

1960 साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार 1961 चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्रात प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा शाळा मंडळांकडे होता. राज्याच्या अन्य विभागांत निरनिराळ्या पद्धती रूढ होत्या. नव्या अधिनियमाने ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी जिल्ह्यातील जनतेच्या प्रतिनिधिसंस्थेवर सोपविली. आज राज्यात जिल्हा परिषदांच्या सुमारे 60 हजार शाळा आहेत.

2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने या जबाबदारीला निश्चित स्वरूप दिले. हा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. वस्तीजवळ शाळा उपलब्ध करून देणे, आपल्या क्षेत्रातील 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, त्यांचा प्रवेश व उपस्थिती यांवर लक्ष ठेवणे, शिक्षकांना प्रशिक्षणाची सोय करून देणे, ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये ठरली. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असणे अपेक्षित आहे. बालकाच्या हक्काविषयीची लेखी तक्रारही याच प्राधिकरणाकडे करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो.

जिल्ह्यापासून वर्गापर्यंत

जिल्हा पातळीवर प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, तालुका पातळीवर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि सर्वांत शेवटी केंद्रप्रमुख, अशी ही साखळी आहे. साधारणपणे दहा शाळांचे एक केंद्र करून त्याला एक केंद्रप्रमुख द्यावा, ही कल्पना 1994 साली पुढे आली. शाळेच्या दृष्टीने या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा हाच होय. कारण वर्गात बसून पाठ पाहणे, मुलांना वाचता येते की नाही हे स्वतः तपासणे आणि शिक्षकाची अडचण समजावून घेणे हे त्याचे मुख्य काम आहे.

शाळा तपासणी ही जुनी प्रथा आहे. पूर्वी तपासणीचा दिवस म्हणजे धास्तीचा दिवस असे. दप्तर नीटनेटके आहे ना, एवढ्यावरच पुष्कळदा शाळेचे मूल्यमापन होई. तपासणीतून दोष कळतो, परंतु तो दूर करण्यासाठी सोबत लागते. केंद्रातील शिक्षक दरमहा शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात, तेव्हा एका शाळेत यशस्वी झालेली भागाकार शिकविण्याची युक्ती दुसऱ्या शाळेत पोहोचते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे मार्गदर्शनही याच मार्गाने वर्गापर्यंत येते. केंद्रप्रमुखाची जागा रिक्त राहिली, अथवा त्याचा सारा वेळ माहितीची पत्रके गोळा करण्यात गेला, तर ही सोबत खंडित होते.

वेळेवरची मदत

मदतीचे मोल ती केव्हा मिळते यावर अवलंबून असते. बीड जिल्ह्यातील व मराठवाड्याच्या अन्य भागांतील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाचे जवळजवळ अर्धे शालेय वर्ष हातचे जाते. परतल्यावर ते मागे पडलेले असते आणि पुढे शाळेतूनच गळते.

यावर हंगामी वसतिगृहाचा उपाय योजण्यात आला. मूल गावातच आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती करते. जी मुले जातातच, त्यांना शिक्षण हमी पत्र देऊन ती जेथे जातील तेथील शाळेत दाखल करून घेण्याची सोय आहे.

या योजनेत प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. कोणते घर जाणार हे शिक्षकाला ठाऊक असते. समिती पालकांची समजूत घालते. केंद्रप्रमुख यादीची पडताळणी करतो आणि जिल्हा परिषद मंजुरी व निधी देते. यांपैकी शेवटचे पाऊल दिवाळीनंतर पडले, तर गाड्या गावाबाहेर गेलेल्या असतात आणि मंजूर झालेल्या वसतिगृहात जेवायला मूलच उरत नाही. यास्तव सर्वेक्षण पावसाळ्यातच पूर्ण होऊन मंजुरी हंगामापूर्वी मिळणे अगत्याचे आहे.

पालकांचा सहभाग

शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि 50 टक्के स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम असून अनुदानाचा आधार तोच असतो. छप्पर गळते की पाण्याची टाकी फुटली, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून समजणे कठीण. आराखडा प्रामाणिकपणे तयार झाला आणि तो वरच्या पातळीवर खरोखर वाचला गेला, तर गावाची गरज व जिल्ह्याचा पैसा यांची गाठ पडते.

जिल्हा परिषद आणि शाळा यांचे नाते केवळ आदेश देणारा व पाळणारा असे राहून चालणार नाही. दोन शिक्षकांच्या त्या शाळेला आपण एकटे नाही, हा विश्वास वाटला पाहिजे. रजेच्या काळात बदली शिक्षक, शाळा उघडण्याच्या दिवशी पाठ्यपुस्तके आणि हंगामापूर्वी वसतिगृहाची मंजुरी, एवढ्या साध्या गोष्टींतून तो विश्वास निर्माण होतो. त्या वेळेवर घडतील, तेथेच कायद्याने बालकाला दिलेला हक्क प्रत्यक्षात त्याच्या पदरी पडेल.