‘सेव्हरली’ म्हणजे आपापला वाटा नव्हे

कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करण्याची वेळ नोकरदार माणसावर कधी ना कधी येतेच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी फॉर्म घेऊन येतो, ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे हो’ म्हणतो, आणि आपण सही ठोकून मोकळे होतो. त्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत एक शब्दजोडी असते, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. त्यातला पहिला शब्द कळतो. जॉइंटली म्हणजे मिळून. दुसऱ्यापाशी आपण क्षणभर अडखळतो आणि पुढे जातो. खरी मेख मात्र त्या दुसऱ्या शब्दातच आहे.

‘सेव्हरल’ म्हणजे बरेच, अनेक, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. म्हणून ‘सेव्हरली’ म्हणजे ‘अनेकदा’ असे सांगणारे पदवीधरही मला भेटले आहेत. हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचे नाते आहे ‘सेपरेट’शी. पूर्वीच्या इंग्रजीत सेव्हरल म्हणजे वेगळा, सुटा, ज्याचा त्याचा. वेगवेगळ्या वस्तू म्हटल्या की त्या एकाहून जास्त असणारच. त्या वाटेने ‘सेव्हरल’ हळूहळू ‘बरेच’ होऊन बसला. ‘सेव्हरली’ने मात्र जुने घर सोडले नाही. शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांत ‘एक्झियंट सेव्हरली’ अशी रंगसूचना आढळते. म्हणजे पात्रे जातात, पण एकत्र नव्हे, वेगवेगळ्या दारांनी. आपल्या रंगभूमीवर सांगायचे तर कोणी डाव्या विंगेत, कोणी उजव्या. रोजच्या बोलण्यातून हा शब्द जवळजवळ गेलाच. वकिलांनी तो जपून ठेवला.

याची गल्लत कधी कधी ‘रिस्पेक्टिव्हली’शी होते. तो शब्द म्हणजे आपले ‘अनुक्रमे’. पहिल्याचे पहिल्याला, दुसऱ्याचे दुसऱ्याला. सेव्हरलीला असा क्रम नसतो. प्रत्येकजण सुटा, इतकेच.

मराठीत याला नेमका एक शब्द नसला तरी सोय चांगली आहे. ‘मंडळी आपापल्या घरी गेली’, ‘एकेकाने येऊन भेटावे’, ‘ज्याने त्याने आपला डबा आणावा’. पण गंमत अशी, की कर्जाच्या कागदावर हीच ‘आपापली’ची सवय आपल्याला फसवते. तिघे मिळून बांधलेले आणि वेगवेगळेही बांधलेले, असे वाचले की मनात हिशेब होतो : तीन जामीनदार, कर्ज ३ लाख, म्हणजे माझ्या वाट्याला १ लाख. कागदाचा अर्थ नेमका उलटा असतो. तिघांपैकी प्रत्येकजण, एकटा धरला तरी, पूर्ण ३ लाखांना बांधलेला असतो. वेगळी होते ती माणसे. रकमेचे तुकडे होत नाहीत.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातले ४३ वे कलम पाहा. अनेकांनी मिळून वचन दिले असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर घेणेकरी त्यांच्यातल्या कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. म्हणजे आपल्याकडे नुसते ‘जॉइंटली’ही पुरेसे जड आहे! कायद्याने उदाहरणही दिले आहे. तिघांनी मिळून ३,००० रुपये देण्याचे कबूल केले. एकाला पकडून सगळी रक्कम वसूल झाली. बाकीच्या दोघांपैकी एकाचे दिवाळे निघाले आहे, त्याच्याकडून देण्याच्या निम्मेच, म्हणजे ५०० रुपये निघतात. मग उरलेले २,५०० दोघांनी सारखे सोसायचे, प्रत्येकी १,२५०. ज्याने आधी सगळे भरले तो ही रक्कम त्या दोघांकडून मागू शकतो. हक्क आहे, पण आधी पैसे भरायचे आणि मग त्यांच्या दारी खेपा घालायच्या.

‘आधी कर्जदाराला धरा, त्याचे घर विका, मग माझ्याकडे या’ हा युक्तिवादही सहसा चालत नाही. त्याच कायद्याच्या १२८ व्या कलमाने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच ठरवली आहे. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने ‘आधी कर्जदार, मग जामीनदार’ असा क्रम लावून दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तो रद्द केला. जामीन घ्यायचा तो ऐनवेळी पैसे मिळावेत म्हणूनच. मग बँकेला थांबवून ठेवण्यात अर्थ काय, असा त्यामागचा विचार.

भागीदारीतही हेच. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या २५ व्या कलमानुसार भागीदार असताना पेढीने केलेल्या व्यवहारांना प्रत्येकजण इतरांसह मिळून आणि एकेकटाही जबाबदार असतो. नफ्यात दोन आणेच वाटा होता, ही सबब बाहेरच्या घेणेकऱ्यापुढे उपयोगाची नाही.

मराठी कागदांवर या शब्दजोडीसाठी ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ असे छापतात. काही ठिकाणी ‘संयुक्तिकरीत्या’ही दिसते. ‘सयुक्तिक’ म्हणजे तर्काला धरून, त्याचा इथे काय संबंध! पण त्याहून मोठी अडचण ‘वैयक्तिकरीत्या’ची. त्यातूनही ‘माझ्यापुरते’ असाच वास येतो. ‘सर्वांनी मिळून तसेच प्रत्येकाने एकट्याने, संपूर्ण रकमेसाठी’ असे लिहिले तर ओळ लांबेल, पण सही करणाऱ्याचा हात जरा थबकेल.

हाच शब्द दुसरीकडे सोयीचा ठरतो. वृद्ध आईने मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावे मुखत्यारपत्र केले. त्यात ‘जॉइंटली’ एवढेच असेल तर प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. मुलगा परदेशी असला तर काम अडले. ‘जॉइंटली ऑर सेव्हरली’ असेल तर एकट्या मुलीची सही पुरते. अर्थात एकट्या मुलाचीही.

जामिनाच्या फॉर्मकडे परत येऊ. १२८ व्या कलमात ‘करारात वेगळे ठरले नसेल तर’ अशी सवलत आहे. तेव्हा खरोखरच १ लाखापुरतेच बांधून घ्यायचे असेल, तर तो आकडा कागदावर यावा लागतो, ‘माझी जबाबदारी अमुक रकमेपुरती’ अशा स्पष्ट शब्दांत, आणि सही करण्यापूर्वी. बँक कदाचित नाही म्हणेल. मग सहकाऱ्याला नाही म्हणायचे की नाही, हे फॉर्म हातात असतानाच ठरवावे लागते.